लेबकुखनचा दरवळ

कॉव्हेंट्रीतल्या आमच्या घराला एका शनिवारी मुतारीचा वास येत होता आणि तो मी स्वतः ओव्हनमध्ये भाजत होतो.

त्याचं असं झालं. ऑफिसात ऊवे नावाचा नवा जर्मन मॅनेजर आला. माझ्या व्हिसाच्या एक्स्टेन्शनचे कागद त्याच्याच हातात! त्यानं लेबकुखनचा विषय काढताच त्याला खूश करायला मी बोलून गेलो, "लेबकुखन? आम्ही घरीच करतो!" (लेबकुखन म्हणजे जर्मनांची नाताळातली मध-मसाल्याची बिस्किटं. हे मला त्याच संध्याकाळी इंटरनेटवर कळलं.) ऊवेचे डोळे लकाकले. "मग शनिवारी चहाला येऊ?"

शुभदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, कपाळावर हात मारला. "अरे, तुला साधा शिरा येत नाही!"

"त्यात काय! मध, मैदा, दालचिनी, लवंग. गोड्या मसाल्याचा चुलतभाऊच!"

एकच जिन्नस अनोळखी होता, बिस्किटं फुलवायची एक पांढरी पावडर. तिची पुडी जर्मन दुकानातून आणली. रेसिपीत लिहिलं होतं, अर्धा चमचा पावडर घाला आणि बिस्किटं पातळ लाटा. मला हा शुद्ध कद्रूपणा वाटला. पाहुण्यापुढे काय पापड ठेवायचे? मी चांगली बोटाच्या पेराएवढी जाड थापली. आणि जाड, म्हणून पावडर तीन चमचे!

ओव्हन तापला मात्र, नागपूरहून आलेल्या सासूबाईंनी नाकाला पदर लावला. शुभदाला बाजूला घेऊन त्या (मला नीट ऐकू येईल इतक्या हळू) म्हणाल्या, "जावईबापूंना काही त्रास आहे का गं? थंडीत होतं कधीकधी."

"आई!!"

"लाजायचं काय त्यात? डॉक्टरला दाखवा."

"अहो आई, पाइप तुंबलाय!" मी ओरडलो आणि बाथरूममध्ये बादल्याच्या बादल्या गरम पाणी ओतायला लागलो. तेवढ्यात बेल वाजली. दारात शेजारची मॉरीन, काखेत तिचा बोका टोबी. तिच्या घरातही वास पोचला होता!

"आय ॲम सो सॉरी, लव्ह! हा तुमच्या खिडकीतून आत येऊन घाण करून गेलाय!"

मी काही बोलायच्या आत ती गुडघ्यांवर बसून आमचं कार्पेट हुंगायला लागली.

"ह्या काय शोधतायत?" सासूबाई.

"बोक्याची शू," शुभदा.

"बोक्याची होय! अगंबाई, मी उगाच जावईबापूंना..."

त्यांनी आनंदानं उदबत्त्यांचा अख्खा जुडगा पेटवला. शुभदानं सगळ्या खिडक्या सताड उघडल्या. डिसेंबरात! मग सगळ्यांनी घरातच कोट चढवले आणि नेमका तेव्हा ऊवे फुलं घेऊन दारात उभा राहिला.

त्यानं एकदाच श्वास घेतला. "अमोनिया! ती पावडर भाजताना असाच वास मारते. माझ्या आईकडेही यायचा. बिस्किटं पातळ असली की उडून जातो, जाड असली तर मात्र आतच राहतो." मग माझ्याकडे वळून, "तू पातळच लाटलीस ना?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. टोबीसुद्धा.

मी प्लेट पुढे केली. ऊवे सज्जन माणूस. त्यानं एक उचललं, चावलं आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"बिचारा! आईची आठवण आली हो त्याला!" सासूबाई गहिवरल्या आणि त्यांनी त्याच्या बशीत आणखी दोन वाढली!

सोमवारी त्यानं माझ्या कागदांवर सही केली. (घाबरून केली, असं शुभदाचं मत.) पुढच्या आठवड्यात ऑफिसच्या ख्रिसमस पार्टीला प्रत्येकानं घरून काहीतरी करून आणायचं ठरलं. ऊवे मुद्दाम माझ्या टेबलाशी आला. "तू कागदी प्लेट्स आण," तो म्हणाला. दोन पावलं गेला, थबकला आणि मागे वळून म्हणाला,

"विकतच्या आण हं. घरी करू नकोस."