कागदावरची आई

लेकीच्या दहावीच्या प्रयोगासाठी आज माझ्या आप्पांचा दाढीचा अंतर्वक्र आरसा काढला, आणि पाथर्डीकडचं आमचं अंगण आठवलं.

आई ऊसतोडीला निघाली होती. अंगणात ऊन, घरात अंधार. दाराकडे पाठ करून मी आरशासमोर कागद धरला, तर त्यावर आई उतरली, बोटाएवढी, उलटी, हिरव्या लुगड्यासकट.

"निगते गं. आब्यास कर."

"हालू नको आई, धरलंय मी तुला."

कागदावर तिचा इवलासा हात हलला. मी त्या हाताकडेच बघत राहिले. ट्रॅक्टर गेला. त्या तोडीवरून आई परतलीच नाही.

"आई, दारात उभी राहा," लेक आरसा धरून म्हणाली.

"राहते. आधी एकदा वळून माझ्याकडे बघ."