झडूला शेंदूर फासला

मेढ्याच्या वरच्या अंगाला एका शाळेत मी चित्रकला शिकवते. मूळची सांगलीजवळच्या माधवनगरची, त्यामुळं आठवडा आठवडा न हटणारं धुकं मी पहिल्यांदा तिथंच बघितलं. पावसाळ्यात वर्गात दिवे लावूनही फळा धड दिसत नसे. अशाच एका दुपारी मी आठवीच्या मुलींना म्हटलं, "पुस्तकात बघून काही काढायचं नाही. मोर नको, दोन डोंगरांमधला सूर्य नको. कुणीच कधी बघितला नाही असा प्राणी काढा. पण त्याचा एकेक अवयव आपल्या रानातलाच हवा."

सगळ्यांनी मिळून एकच प्राणी काढला. कपाळ गव्याचं, पायही गव्याचे, पांढरे मोजे घातल्यासारखे. शेपूट शेकरूची. पाठीवर केसांऐवजी नेचा उगवलेला. ओढ्यात खेकडे धरण्यात पटाईत असलेल्या एका मुलीनं त्याला पुढं दोन नांग्या दिल्या, त्यातली एक मुद्दाम मोठी. डोळे तेवढे माझे. सांगलीत कृष्णेच्या पाण्यावर मगरीचे नुसते डोळे तरंगताना मी लहानपणी बघितले होते, तसे. पावसाची झड लागली की हा डोंगरावरून खाली उतरतो आणि धुकं पिऊन टाकतो, असं मुलींनी ठरवलं. म्हणून तो झडू.

शाळेबाहेर रस्त्याला लागून पाण्याची टाकी आहे. परवानगी घेऊन दिवाळीच्या सुट्टीत आम्ही झडूला तिच्या भिंतीवर चढवला. मुलींचे हात दिवसभर रंगलेले असायचे. मी इतकी खूश क्वचितच झाले असेन.

पुढच्या पावसाळ्यात गावातल्या एकाची म्हैस धुक्यात चुकली आणि दोन दिवसांनी नेमकी त्या टाकीपाशी उभी सापडली. मालकानं तिथं नारळ फोडला. कुणीतरी झडूच्या कपाळाला शेंदूर फासला. मी तेव्हा हसले होते. मग पत्र्याची शेड आली, घंटा आली, समोर फरशीचा ओटा आला. झडूचा झडोबा झाला. या सगळ्यात पुढाकार होता पलटणीतून निवृत्त झालेल्या एका सुभेदारांचा. मी त्यांना गाठलं.

"सुभेदार, हे चित्र आम्ही काढलंय. हा देव नाही."

"व्हय की, बाई. तुमीच काढलंय. कोन न्हाई म्हनतंय?"

"मग?"

"पर तुमच्या हातनं काढून घेतलं कुनी, ते सांगा."

आजूबाजूच्या लोकांनी माना डोलावल्या. माझं डोकंच फिरलं. मुलींनी खोडलेले पन्नास कागद, नांगी जमेना म्हणून एकीला फुटलेलं रडू, ते सगळं त्या एका वाक्यात कुणा दुसऱ्याच्या नावावर गेलं. तरीही मी गप्प बसले. गावात राहायचं होतं.

गप्प राहणं संपलं ते दिवाळीच्या आधी. झडूच्या पायाचा रंग उडाला होता म्हणून खेकडेवाली मुलगी डबा आणि ब्रश घेऊन ओट्यावर चढायला गेली. सुभेदारांनी तिला खालीच अडवलं. "पोरींनी वर यायचं न्हाई. कुनाची काय अडचन असती, आमाला काय कळतंय?" चार पुरुषांसमोर म्हणाले. ती परत आली ती बाकावर बसलीच नाही, माझ्या टेबलापाशी उभी राहिली.

"बाई, नांगी माझी हाय," एवढंच म्हणाली.

त्याच दिवशी मधल्या सुट्टीत मी पांढऱ्या डिस्टेंपरची बादली उचलली, चपला घालूनच ओट्यावर चढले आणि ब्रशनं झडूला कपाळापासून पुसायला लागले. माणसं जमली. सुभेदार ओरडत होते, "बाई, खाली उतरा! लय वाईट हुईल!" हात लावायला मात्र कुणी पुढं आलं नाही. मी मागं वळून बघितलं तर ती मुलगी शेजारी उभी. मी तिला बोलावलं नव्हतं. तिनं दुसरा ब्रश घेतला आणि आपली नांगी आपल्या हातानं पुसली.

मला कारणे दाखवा नोटीस मिळाली. त्याचं काही वाटलं नाही. पण दोन दिवसांनी त्या मुलीची आई शाळेत आली. ती माझी बाजू घेईल असं मला उगीचच वाटलं होतं.

"आवं बाई, तुमी उद्या बदली घिऊन सांगलीला जाल. आमाला हितंच ऱ्हायाचं हाय. तिला पुना असल्यात घिऊ नका."

मुलीनं माझ्याकडं बघितलं आणि ती आईच्या मागून गेली. तेव्हापासून ती चित्रकलेच्या तासाला खिडकीकडं तोंड करून बसते.

आणि एवढं करून काय झालं? कुणाच्या तरी मोबाईलमध्ये झडूचा फोटो होता. महिन्याभरात पांढऱ्या भिंतीवर त्याचा भलामोठा फ्लेक्स लागला. खाली हात जोडलेल्या पुढाऱ्यांची रांग, मधे सुभेदार. छापताना चित्र उलटं झालंय. मोठी नांगी उजवीकडची डावीकडं गेलीय, आणि कुणाला पत्ताही नाही.

परवा एसटीची वाट बघत मी तिथं उभी होते. एक म्हातारी पिशवीतून नारळ काढत होती. न राहवून मी तिला सगळं सांगितलं. मुली, गवा, शेकरू, मगर, म्हैस, सगळं. तिनं हातातलं काम थांबवून नीट ऐकून घेतलं.

"व्हय का गं बाई?" म्हणाली. "लय कष्ट घेतलं म्हनायचं पोरींनी."

मग तिनं नारळ वाढवला, आणि त्यातलं खोबरं माझ्यापुढं धरलं. मी ते घेतलं नाही. एसटी येईपर्यंत तिच्याकडं पाठ करून उभी राहिले.