सनानं एकच फेरी मारली

मित्रांनो, संध्याकाळपासून गॅरेजात नुसता बसून हाय.

माझ्या पोरीला, सनाला रेसिंगचं लई वेड. माजलगावात कुठला आलाय ट्रॅक? म्हणून भंगारातल्या स्कूटरचं इंजन लावून मीच तिला गो-कार्ट बनवून दिली. मोंढ्याच्या, धान्यबाजाराच्या मैदानात चालवायची. अंधार पडला तरी उतरायची न्हाई.

परवा हौसेनं तिला पुण्याच्या खऱ्या ट्रॅकवर नेलतं. तिथली गाडी चालवून पोरगी नुसती खुलली.

आज परत आमची गाडी काढली. सनानं एकच फेरी मारली आन् आपणहून उतरली.

"कावून गं, लगेच उतरलीस?"

"चांगली हाय अब्बा, लई चांगली," म्हणली. माझ्याकडं बघितलं न्हाई.

दहा वर्षांची पोर, माझं मन राखत होती. तुमचं लेकरू पहिल्यांदा असं खोटं बोललं, तवा तुमी काय केलं?