एका बाळासाठी अख्खी बाटली

आमच्या दवाखान्यात लस टोचणाऱ्या सिस्टरला पाठीमागे सगळे 'थेंबमोजणी' म्हणत. मी तिथला औषधवाला. नाव मीच ठेवलेलं. क्षयाच्या लशीची बाटली एकदा फोडली की काही तासांत संपवावी लागते, उरेल ते टाकून द्यायचं. म्हणून दहा बाळं जमल्याशिवाय सिस्टर बाटलीला हात लावत नसे. सव्वीस वर्षांत एक थेंब वाया घालवला नाही, हे ती दर आठवड्याला मला ऐकवी. माझे कान किटले होते.

लशीचा वार गुरुवार. त्या गुरुवारी नऊच बाळं होती. एक बाई नुसता जन्माचा दाखला न्यायला आली, कुशीत बारा दिवसांचा मुलगा. सिस्टरने तिला हाताला धरून बाकड्यावर बसवलं.

"पुढच्या वेळी आणते ना," बाई म्हणाली. "याचा थोरला भाऊ पाच महिन्यांचा असताना गेला. सारखा आजारी असायचा हो."

"मग तर टोचायलाच हवं, बाई," असं म्हणून सिस्टरने सुई भरली. खिडकीआडून ऐकताना मलाही ते बरोबरच वाटलं.

या लशीतले जंतू जिवंत असतात, फक्त कमजोर केलेले. एरवी बाळाचं अंग त्यांना सहज आवरतं. या बाळाच्या अंगात मात्र जन्मापासूनच आवरायची ताकद नव्हती, बहुधा थोरल्या भावासारखीच. तीन महिन्यांनी काखेत गाठ आली, मग ताप हटेना, मग जंतू यकृतात आणि हाडांत पोचले. सातव्या महिन्यात मूल गेलं. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी फोनवर सिस्टरला समजावलं, की असं लाखांत एखाद्याचं होतं, आधीचं भावंड गेलंय का असा प्रश्नही तुमच्या फॉर्मवर नाही, चूक कुणाचीच नाही.

सिस्टरने फोन ठेवला. "पण तिने सांगितलं होतं," ती म्हणाली.

तेव्हापासून ती प्रत्येक आईला विचारू लागली, "घरात आधी एखादं तान्हं मूल गेलंय का? भावाचं, बहिणीचं?" एका सासूने तिला चांगलंच झापलं, "जरा शुभ बोला की!" सिस्टर ऐकून घेई, पण उत्तर मिळेपर्यंत सुई उचलत नसे. रांग लांबायची आणि माझं डोकं फिरायचं.

तीन वर्षांनी तीच बाई तिसरा मुलगा घेऊन दारात उभी राहिली. सिस्टरने लस थांबवली, बाळाचं रक्त मोठ्या इस्पितळात तपासायला पाठवलं. रिपोर्ट येईपर्यंत ती माझ्याशी धड बोलली नाही. मीही घाबरलो होतो, खोटं कशाला सांगू?

रिपोर्ट चांगला आला. बाई आली ती सोमवारी, बाकडं रिकामं.

"गुरुवारी आणा, दहा जमतील," मी सवयीने बोलून गेलो. सिस्टरने असं पाहिलं की मी तोंड मिटलं.

"दुसऱ्या सिस्टरला बोलावू का?" तिने बाईला विचारलं. "माझ्या हातून नको वाटत असेल तर..."

"तुम्हीच द्या. याच्या भावांबद्दल इथे दुसऱ्या कुणाला माहीत आहे?"

सिस्टरने नवी बाटली फोडली. बाळाचा दंड पुसला, मग टोचलं. पोराने दवाखाना डोक्यावर घेतला.

संध्याकाळी नऊ बाळांचं उरलेलं औषध तिने माझ्यासमोर टाकून दिलं.

"याला वाया गेलं म्हणायचं नाही," ती म्हणाली.