एका विहिरीचा हो-नाहीचा नकाशा

कुठल्याही प्रश्नाला 'हो' आणि 'नाही' अशी दोनच उत्तरं असतात आणि तिसरं उत्तर देणारा माणूस एक तर पुढारी असतो नाहीतर जावई, असं ठामपणे मानणारा एकच माणूस सबंध रत्नागिरीत आहे आणि तो माझ्या बायकोचा थोरला मामा आहे. त्यातला जावयाचा टोमणा मी लग्नाच्या मांडवातच कमावला. "उकाड्याचा त्रास होतोय का?" असं त्यांनी आपुलकीने विचारलं. मी सभ्यपणे म्हणालो, "तसा काही विशेष नाही, पण..." त्यावर शेजारच्या पाहुण्याकडे वळून त्यांनी जाहीर केलं, "उत्तर आलं नाही." तेव्हापासून त्यांच्यासमोर मी 'पण' हा शब्द उच्चारत नाही.

मामांची सगळी नोकरी बंगळुरूला झाली. संगणकाच्या चिपमधलं सर्किट आधी कुणीतरी आखतं आणि मग दुसरं कुणीतरी तेच सुटसुटीत करून नव्याने बनवतं. ही दोन्ही सर्किटं अगदी एकच काम करतात की नाही, हे मामा तपासायचे. एकेक कळ चालू-बंद करून बघायचं म्हटलं तर सात जन्म पुरायचे नाहीत. म्हणून ते दोन्ही सर्किटांचे नकाशे काढायचे. शास्त्रात त्याला 'बायनरी डिसिजन डायग्राम' म्हणतात, मामा 'हो-नाहीचा नकाशा' म्हणतात. वर एका गोलात प्रश्न. उत्तर 'हो' असेल तर सरळ रेघेने खाली उतरायचं, 'नाही' असेल तर तुटक रेघेने. खाली पुन्हा गोल, पुन्हा प्रश्न आणि तळाला दोन चौकोन, एक होकाराचा, एक नकाराचा. दोन्ही नकाशांत प्रश्नांचा क्रम एकच ठेवायचा. ज्या प्रश्नाच्या दोन्ही रेघा एकाच ठिकाणी जातात तो प्रश्न खोडायचा. जिथून पुढचं सारखंच आहे ते दोनदा काढायचं नाही. एवढी छाटणी केली की एकच काम करणाऱ्या दोन सर्किटांचे नकाशे हुबेहूब एकच निघतात, मग वरून ती कितीही वेगळी दिसोत. मामा निवृत्त होऊन रत्नागिरीला आले, इथे त्यांना तपासायला चिप मिळेना, तेव्हा त्यांनी आम्हाला तपासायला घेतलं.

माझं चष्म्याचं दुकान आहे. डोळे तपासताना आम्ही भिंगं बदलत विचारतो, "हे स्पष्ट की हे?" मामा एकदा तपासायला बसले. तिसऱ्या जोडीला म्हणाले, "दोन्ही सारखीच." मी सवयीने तीच दोन भिंगं पुन्हा लावली. मामा खुर्चीतून उठलेच. "दोन्ही वाटा एकाच ठिकाणी जातात ना? मग प्रश्न खोड! खोडलेला प्रश्न पुन्हा विचारतोस कसला!" त्या दिवशी त्यांचा नंबर अर्धाच निघाला आणि त्या अर्ध्या नंबरावर ते आजही समाधानाने वर्तमानपत्र वाचतात.

गप्पांमध्येही त्यांची छाटणी चालूच. बंगळुरूच्या घरमालकाची गोष्ट रंगात आलेली असते, घरमालक हातात कुलूप घेऊन जिना चढत असतो आणि मामा एकदम उठून चपला घालतात. "पुढचं त्या दूधवाल्याच्या गोष्टीसारखंच. ती तुला सांगितली आहे." आमच्या घरात अशा खालून कापलेल्या डझनभर गोष्टी पडून आहेत आणि दूधवाल्याची गोष्ट नेमकी कोणाला सांगितली होती हे आजतागायत कळलेलं नाही.

पण मामांचा खरा जीव क्रमात. कोणता प्रश्न आधी विचारायचा यावर सगळं अवलंबून, असं त्यांचं म्हणणं. क्रम बरोबर असेल तर नकाशा पोस्टकार्डावर मावतो, चुकला तर घरभर कागद होतात. मामी त्यांना मासळी आणायला पाठवतात तेव्हा ते नकाशा खिशात घालून जातात. एकदा टोपलीसमोर उभं राहून त्यांनी विचारलं, "आजचीच आहे का?" "हो." "पापलेट आहे का?" "नाय." "बांगडा आहे का?" कोळीण म्हणाली, "काका, बांगडो तुमच्या फुड्यात पडलोय, डोळ्यान् बघा ना!" मामा शांतपणे म्हणाले, "बघितला. पण क्रमाने यायला हवा." तेवढ्यात मागच्या बाईने ते बांगडे उचलले. मामा रिकामी पिशवी घेऊन घरी आले, पण नकाशात चूक नव्हती, हे त्यांनी मामींना कागदावर सिद्ध करून दाखवलं.

अशा या माणसाचं सख्ख्या धाकट्या भावाशी बारा वर्षं बोलणं नव्हतं. दोघांची घरं शेजारी, मध्ये कुंपणाला जांभ्या दगडाचा गडगा आणि गडग्याच्या टोकाला दोघांची मिळून एक विहीर. पंप दोघांचे दोन. वैशाखात पाणी तळाला जातं, तेव्हा पंप कोणी कधी लावायचा यावरून एकदा जुंपली आणि तोंडं बंद झाली. मग दोघे पंपाच्या खोपीच्या दारावर कागद लावून बोलू लागले. थोरल्या मामांचा नियम असा: 'पाणी तिसऱ्या पायरीच्या वर असेल तर कोणीही पंप लावावा. खाली असेल तर घरी पाहुणे असतील त्यानेच लावावा.' धाकट्या मामांचा असा: 'घरी पाहुणे असतील त्याने पाणी कितीही असलं तरी पंप लावावा. पाहुणे नसतील तर पाणी तिसऱ्या पायरीच्या वर असेल तरच लावावा.' धाकटे मामा जन्मभर बोटीवर होते. तिथे आधी माणसं मोजतात. पण 'पाणी कितीही असलं तरी' एवढं वाचून थोरल्या मामांनी पाठ फिरवली. ज्याला आधी काय विचारावं हे कळत नाही त्याचं पुढचं काय वाचायचं! तिकडे 'कोणीही पंप लावावा' एवढं वाचून धाकट्यांनीही तेच केलं. दोन वर्षांपूर्वी धाकट्या मामी गेल्या तेव्हाही थोरले मामा गडग्याच्या अलीकडेच उभे राहिले. दुसऱ्या दिवशी खोपीच्या दारावर त्यांच्या अक्षरात कागद होता: 'तेरा दिवस पंप तुझा.'

यंदा चैत्र संपता संपता धाकट्या मामांनी बोअर मारायचं ठरवलं. सोमवारी मशीन येणार होतं. रविवारी मामी गणपतीपुळ्याला गेल्या म्हणून थोरले मामा आमच्याकडे जेवायला आले आणि चार बांगडे संपेपर्यंत एकही प्रश्न विचारला नाही. हात धुताना म्हणाले, "त्याचं पाणी वेगळं झालं की तो दाराला कागद कशाला लावील?" भांडायला तरी दोघांत एक विहीर होती, आता तीही जाणार होती.

तेवढ्यात बायकोने एक कागद पुढे केला. "मामा, मैत्रिणीने कोडं पाठवलंय. ही दोन वाक्यं सारखी की वेगळी, सांगा." पाण्याच्या जागी तिने 'क' लिहिलं होतं, पाहुण्यांच्या जागी 'ख'. मामांचा चेहरा उजळला. आधी 'क', मग 'ख', असा एकच क्रम धरून त्यांनी दोन नकाशे काढले, दोन-दोन गोलांचे. मग एकावर एक ठेवून उजेडाला धरले.

"एकच आहे गो! कुठल्या गाढवांना हे वेगळं वाटलं?"

"तुम्हा दोघांना," बायको म्हणाली, "क म्हणजे पाणी, ख म्हणजे पाहुणे."

मामांनी कागद पुन्हा उजेडाला धरला. दोन्ही वाक्यं ओठांत पुटपुटून बघितली. मग चपला न घालताच बाहेर जाऊन माझ्या स्कूटरवर मागे बसले.

आम्ही पोचलो तेव्हा धाकटे मामा गडग्यापलीकडे बोअरच्या जागेवर चुन्याची खूण करत होते. थोरल्या मामांनी गडग्यावरून कागद पुढे केला. धाकट्यांनी कागदाकडे बघितलंच नाही. ते भावाच्या अनवाणी पायांकडे बघत होते.

"दादा, जेवलास काय?"

चार बांगडे, दोन वाट्या आमटी आणि सोलकढी. मी साक्षीला उभा होतो. जन्मात एका प्रश्नाचं चुकीचं उत्तर न दिलेल्या त्या माणसाने पुढे केलेला कागद मागे घेतला आणि घडी करून खिशात घातला.

"नाही," मामा म्हणाले.

"मग ये."

गडग्याला तिथे वाट नव्हती. मी खालून आधार दिला आणि मामा सत्तराव्या वर्षी तो चढून पलीकडे उतरले. धाकट्या मामांनी आधी फोन लावला. "उद्या नको तुमचा मशीन. परवा पण नको." मग ओसरीवर पाट मांडला. विहिरीचा विषय दोघांपैकी कोणीच काढला नाही. दुसरी ओळ वाचायला दोघांना बारा वर्षं लागली, तेवढ्यात एक मामी निघून गेल्या, याचं मला तिथे उभ्याउभ्या फार वाईट वाटलं. वाढायला आता त्या नव्हत्या. भात धाकट्या मामांनीच शिजवलेला होता, गिचका झाला होता. थोरल्या मामांनी तो सगळा संपवला आणि आणखी मागितला.