गाव न वसवता हरलेलं राज्य

माझी शाळा दुसरीपर्यंत. तरी गेल्या उन्हाळ्यात मी एक राज्य चालवलं, नातीच्या लॅपटॉपवर.

नात कॉलेजात आहे. सुट्टीला आण्याच्या पठारावर माझ्याकडं आली ती बापाचा, माझ्या लेकाचा, सांगावा घेऊनच. आबांनी उरलेली वीस मेंढरं आता देऊन टाकावी आणि नारायणगावला राहायला यावं. मी नाय म्हणालो. माझं नाय घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मग तिनं पैज लावली. पन्नास पाळ्या माझं राज्य टिकलं तर मेंढरं राहतील. बुडालं तर मी नारायणगावला.

खेळात आळीपाळीनं चाल करायची. आधी आपले लोक निवडायचे. कुणी दर्यावर्दी, कुणी देवळं बांधणारे. मी घोड्यावर बिऱ्हाड टाकून फिरणारे घेतले. मग राज्याची दोन धोरणं. नातीनं तिच्या राज्याला धान्याची कोठारं आणि तटबंदी घेतली. मी घोड्यांना जादा चाल घेतली आणि लांबचं बघणारे वाटाडे. आधी गाव वसवा आबा, असं तिनं दोनदा बजावलं.

पहिल्याच पाळीला नदीकाठी हिरवी जागा होती. पण आमच्यात पहिल्या पाण्यावर वाघर लावत नाहीत. मेंढरं कोंडायची जाळी ती वाघर. दिवाळी झाली की आम्ही माळशेज उतरून कोकणात जायचो. वडील पुढं जाऊन जागा बघायचे. चिखलानं खूर कुजतील का, शेतवाला खतासाठी रानात मेंढरं बसवून घेईल का, सगळं बघायचे आणि म्हणायचे, पुढं याहून बरं असेल. तसाच मी चालत राहिलो. पडद्यावरचा अंधार सरून नवी जमीन दिसली, की घाट उतरताना खाली भातखाचरं दिसायची तसं वाटायचं. लई दिवसांनी मजा आली राव.

एकोणिसाव्या पाळीला लुटारू आले. गाव नाही, तट नाही, फौज नाही. राज्य बुडालं.

"पहिल्या पाळीलाच का नाय थांबला, आबा?"

मी खरं ते सांगितलं. थांबायचं कधी, हे मला कधी कळलंच नाही. ते तुझी आजी ठरवायची. मी आणखी पुढं म्हणायचो, ती न बोलता घोड्यावरची भांडी उतरवायला लागायची. तिनं चुलीचे तीन दगड मांडले की वडिलांचंही काही चालत नसे. हे घरही तिनं असंच एका दुपारी भांडी उतरवून वसवलं. तिला जाऊन सहा वर्षं झाली.

नातीनं लॅपटॉप पुढं ओढला. मग म्हणाली, हा डाव शिकण्याचा धरू, परत मांडते.

"पैज म्हंजे पैज," मी म्हणालो. "बापाला सांग, ऐतवारी येतो."

मेंढरं भाच्याच्या कळपात द्यायची ठरली. तो टेम्पो घेऊन येतो म्हणाला. त्याला सांगितलं, येऊ नको, मी चालत आणून देतो.