पिढीजात कीटकपेटी

आमच्या घरात जीवशास्त्र घेणारी मी पहिली, त्यामुळे पोरगी डॉक्टर होणार असं गावाने ठरवून टाकलं होतं. ती नुसती बीएस्सी झाली आणि एमएस्सीला प्राणिशास्त्र घेऊन शेलूबाजारहून वाशीमला एसटीने जायला लागली, तेव्हा गावाने माझ्यावरचं लक्ष काढून घेतलं. बाबांनी मात्र रक्त-लघवी तपासायच्या लॅबचं स्वप्न स्वतःपुरतं चालू ठेवलं.

दुसऱ्या वर्षी विशेष विषय निवडायचा होता. 'निवडायचा' हा शब्द विद्यापीठाचा. आमच्या विभागात दोनच विषय होते, कीटकशास्त्र आणि मत्स्यशास्त्र, आणि विभागप्रमुख सर माशांचे. कीटकशास्त्राला जागा दहा, त्या पहिल्या वर्षाच्या कीटकपेटीच्या गुणांवर मिळायच्या. मला कीटकच हवे होते. आमच्या आधी आमच्या शेतात जेवून जाणाऱ्या या मंडळींबद्दल मला लहानपणापासून रागापेक्षा कुतूहल जास्त.

पन्नास कीटक पकडा, टाचणीला लावा, खाली चिठ्ठीवर नाव, ठिकाण, तारीख लिहा, असा नियम. प्रत्यक्षात पेट्या सीनियरकडून ज्युनियरकडे यायच्या आणि फक्त चिठ्ठ्या बदलायच्या. प्रत्येक पेटीत एक मोठा पतंग असे. त्याचे पंख डिंकाने चिकटवलेले, एखाद्याची मिशी तर चक्क झाडूच्या काडीची. तो बिचारा दरवर्षी नव्याने पकडला जायचा, कधी रिसोडला, कधी जऊळक्याला. सरांची त्याच्याशी जुनी ओळख होती. पेटी उघडली की आधी त्याला शोधत आणि तो दिसला की समाधानाने सही करत.

मला नको तिथे शहाणपण सुचलं. हिवाळ्यात दोन महिने मी जाळी घेऊन तूर-हरभऱ्याच्या धुऱ्या-बांधांवरून फिरले. आई एकदा वैतागून म्हणाली, "किडेच पकडाचे होते त कॉलेजात कायले धाडलं तुले?"

पन्नास भरले. एकाचाही पंख डिंकाचा नव्हता, आणि याचा मला भारी अभिमान होता. सरांनी पेटी उघडली, मोठा पतंग शोधला, सापडला नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "हे तर शेतातले किडे आहेत."

मी म्हटलं, हो सर, शेतातच पकडले. वर्ग हसला. जूनमध्ये यादी लागली. जुन्या पेट्यांवाले दहाजण कीटकशास्त्रात गेले, त्यातली एक तर झुरळ दिसलं की बाकावर चढायची. मला मासे मिळाले. घरी येऊन मी खूप रडले. बाबांनी विचारलं, माशांच्या रक्ताची लॅब टाकता येते का.

ऑगस्टमध्ये सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. एरवी आमच्याशी पुस्तकातलं मराठी बोलणारे सर त्या दिवशी मोबाइल पुढे करून घरच्यासारखे बोलले. त्यांच्या रिसोडकडच्या शेतातलं सोयाबीन शेंड्याकडून वाळत होतं.

"पाय बरं, काय खाऊन राह्यलं हे? त्या दहा जनाईले दाखोलं, कोनालेच सांगता येत नाही."

मी फोटो मोठा करून पाहिला. देठावर गोल फिरलेल्या दोन खाचा होत्या. चक्रीभुंगा. सर, माझा विषय मासे आहे, एवढं म्हणावं आणि निघून यावं, असं मनात आलं. वाक्य अगदी ओठांवर होतं. तोंडातून निघालं ते भलतंच: मादी या दोन खाचांच्या मध्ये अंडं घालते, अळी आतून दांडा पोखरते, वाळलेला भाग खालच्या खाचेच्याही खालून तोडा आणि शेताबाहेर नेऊन नष्ट करा. मी दहा मिनिटं थांबलेच नाही. सरांनी सगळं वहीत उतरवून घेतलं. यादी आता विद्यापीठात गेली, नाहीतर तुझा विचार केला असता, असं म्हणून त्यांनी मला जायला सांगितलं.

त्यांच्यावरचा माझा राग केव्हाच ओसरला. ते सगळं त्यांना सांगताना मी किती खूश होते, त्याचा मात्र अजून येतो.